पिकअप पहाटे सुरूच होत नाही? मेकॅनिकला फोन लावण्याआधी चावी फिरवून आवाज ऐका

रात्री माल भरून लावलेला पिकअप पहाटे चावी फिरवल्यावर सुरू होत नाही, हा अनुभव बहुतेक गाडीवाल्यांनी एकदा तरी घेतलेला असतो. मागे टोमॅटोचे क्रेट, कोथिंबिरीच्या जुड्या नाहीतर दुधाचे कॅन. गाडी थांबली तरी माल थांबत नाही. अशा वेळी पाच-सहा जण गोळा होतात, प्रत्येक जण वेगळंच सांगतो आणि चालक सेल्फ मारून मारून बॅटरीत होता नव्हता तो जीवही घालवतो. मग नवी बॅटरी बसते, काही हजार रुपये जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तिथंच उभी. कारण दोष बॅटरीत नव्हताच, टर्मिनल ढिलं होतं.

गाडी कोणतीही असो, बोलेरो पिकअप असो की छोटा हत्ती, सुरू न होण्याचे प्रकार मुळात तीन. चावी फिरवली की काहीच होत नाही, हा पहिला. टक-टक आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, हा दुसरा. इंजिन जोरात फिरतं पण पेट घेत नाही, हा तिसरा. पहिल्या दोन प्रकारांत डिझेलकडे बघायचं काहीच कारण नाही. तिसऱ्या प्रकारात बॅटरी बदलून उपयोग नाही. एवढं ओळखलं तरी फोनवर मेकॅनिकला नेमकं सांगता येतं आणि तो येताना योग्य सामान घेऊन येतो.

काहीही करण्याआधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाखाली दगड. क्लच पूर्ण दाबून एकदा चावी फिरवून बघावी. काही गाड्या क्लच तळाला टेकल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत आणि पायाखालची मॅट पेडलखाली दुमडली तरी गाडी 'मेलेली' वाटते.

आवाजच नाही, किंवा नुसती टक-टक

हेडलाइट लावा आणि एकाला समोर उभं करून चावी फिरवा. लाइट आधीपासूनच मिणमिणता असेल किंवा चावी फिरवताच विझल्यासारखा होत असेल, तर बॅटरी उतरलेली आहे नाहीतर टर्मिनल धरत नाही. लाइट लख्ख राहतो आणि तरी इंजिन हलत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. दोष सेल्फ, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंगमध्ये आहे.

आता टर्मिनल. हाताने हलवून बघावं. जरा जरी फिरलं तरी ते ढिलं आहे. लाइट आणि हॉर्नला थोडाच करंट लागतो, तो ढिल्या टर्मिनलमधूनही जातो. सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात, तिथं ढिलं टर्मिनल दगा देतं. म्हणूनच 'हॉर्न तर वाजतोय, मग बॅटरी चांगली आहे' हा हिशोब चुकतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावी, पॉलिश पेपरने शिसं आणि क्लिप दोन्ही चकचकीत करावं, घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावावं. काढताना आधी निगेटिव्ह म्हणजे काळी वायर, बसवताना ती शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे तिच्याजवळ विडी-सिगारेट आणि काडी पेटवून बघणं दोन्ही बंद.

टर्मिनल चांगलं निघालं तरी तपासणी संपत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसिसला आणि इंजिनला जाणारी जाड वायर किंवा पट्टी, म्हणजे अर्थिंग, ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. खताची पोती वाहणाऱ्या गाडीला, चिखलात राबणाऱ्या गाडीला आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तर ती हमखास गंजते. वरून वायर धडधाकट दिसते, बोल्टखाली मात्र नुसता गंज. याची सोपी परीक्षा अशी: जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा. गाडी झटक्यात सुरू झाली तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक आहेत, बोल्ट खोलून अर्थिंग घासून बसवायची.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाची गरज राहत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर उतरलेली. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तिथंही १२ च्या घरातच अडकलं असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघावा, कारण नवी बॅटरी आणली तरी तीही दोन-तीन दिवसांत उतरणार. आणि मिरवणुकीत इंजिन बंद ठेवून तीन तास अँप्लिफायर वाजवला असेल, तर दुसऱ्या दिवशी मीटरचीही गरज नाही.

बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीवरून जंप देता येतो. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पिकअप १२ व्होल्टची असते, ट्रॅक्टरही साधारणपणे १२ व्होल्टचाच. मोठा ट्रक, हायवा, एसटी २४ व्होल्टवर चालतात. रस्त्यात मदतीला ट्रकवाला थांबला म्हणून थेट त्याच्यावरून जंप घेतला तर पिकअपचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम जळू शकतो आणि तो खर्च बॅटरीच्या कित्येक पट असतो. जोडणी अशी: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चालू गाडी पाच मिनिटं तशीच चालू द्यावी, मग सेल्फ मारावा. काढताना उलट्या क्रमाने.

ढकलून सुरू करणं जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल गाडीला चालतं. कॉमन रेल गाडीत ईसीएम जागा व्हायला बॅटरीत थोडा तरी जीव लागतो. बॅटरी पार मेली असेल तर आख्खी आळी ढकलायला लावली तरी उपयोग नाही. उतारावरून सोडताना तर जपावं, कारण इंजिन बंद असताना ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. भरलेल्या गाडीला हा प्रयोग करूच नये.

लाइट लख्ख, एकच 'टक' आवाज आणि पुढे शांतता, असं असेल तर सेल्फच्या आतले कार्बन झिजले असण्याची शक्यता मोठी. एकाने चावी धरायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलके ठोके द्यायचे, अनेकदा तेवढ्यावर गाडी उचलते. पण हा एका फेरीपुरता इलाज आहे, माल उतरवून गाडी सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. गाडीखाली शिरून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करायची सवय मात्र जिवावरची. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती सुरू होताच पुढे सरकते आणि माणूस तिच्याखालीच असतो.

आवाज अजिबातच नसेल तर फ्यूज बॉक्स उघडावा. सेल्फचा रिले काढून त्याच नंबरचा दुसरा, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथं लावून बघता येतो. कांदा चाळीजवळ किंवा धान्याच्या गोदामात उभ्या राहणाऱ्या गाडीत बॅटरी घातल्याबरोबर बॅटऱ्या मारून उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधावी. लेंड्या दिसल्या की अर्धं निदान झालंच.

फिरतं, पण पेट घेत नाही

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांत मिनिटभर थांबावं. नाहीतर सेल्फ तापतो, बॅटरी बसते आणि एका दोषाचे दोन होतात.

सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरकडे बघायला उभं करावं. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. थंडीत, निफाडसारख्या गारठ्याच्या भागात तर विशेष, यामागे बहुतेक वेळा हीटर म्हणजे ग्लो प्लग असतात. चावी पहिल्या टप्प्यावर ठेवून डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबावं, मगच सेल्फ मारावा. ही सवय नसल्यानेच कित्येक चांगल्या गाड्या हिवाळ्यात 'खराब' होतात.

धूरच नसेल तर टाकीत डिझेल आहे ना ते आधी बघावं. काटा अडकतो, त्याच्यावर विसंबू नये. टाकी कोरडी पडून नंतर डिझेल भरलं असेल तर लाइनने एअर घेतलेली असते. फिल्टरजवळ हाताने दाबायचा पंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबावा, मग सेल्फ मारावा. बॅरल किंवा कॅनमधलं डिझेल वापरणाऱ्यांनी फिल्टरच्या तळाचा निचरा बोल्ट ढिला करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावं. पाणी खाली बसतं, लगेच दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढून टाकावं. पावसाळ्यात आणि फिल्टर वेळेवर न बदलणाऱ्या गाडीत हे नेहमीचं आहे.

जुन्या पंपाच्या गाडीत चावी ऑन करताच पंपाजवळ बारीक 'टक' ऐकू यायला हवी. ती स्टॉप सोलेनॉइडची. आवाज नाही तर त्याची वायर सुटली आहे का ते बघावं.

नवीन गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ आणि त्याआधीच्या बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत, घरच्या पान्याचं काम इथं संपतं. त्या पाइपांमध्ये इंजिनवर ताण असताना डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. नट ढिला करून एअर काढायची जुनी पद्धत इथं चालत नाही, बारीक फवाराही कातडीत घुसतो. चेक लाइट पेटलेली राहिली तर स्कॅनर असलेला मेकॅनिकच बोलवावा. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघावी. सीएनजी गाडी पेट्रोलवर टाकून सुरू होते का ते बघावं, त्यासाठी टाकीत थोडं पेट्रोल कायम हवं.

एअर फिल्टरवर पेट्रोल शिंपडून किंवा पेटता बोळा धरून डिझेल गाडी सुरू करणारे अजूनही भेटतात. हीटर तापलेले असताना त्याने आग भडकते आणि पिस्टनवर घाव बसतो. कोणी सुचवलं तर त्याला हात जोडावेत.

फरशी पुलावर बंद पडली असेल तर

पाण्यात शिरून बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारूच नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडावा. आत ओल दिसली तर नॉझल किंवा हीटर काढून पाणी बाहेर घालवल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. एका सेल्फने आख्खं इंजिन उतरवावं लागतं.

माल आधी

अर्ध्या तासात निदान लागलं नाही तर दुसरी गाडी बोलवून माल पुढे पाठवावा, भाडं गेलं तरी चालेल. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडकली तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. विम्याच्या पॉलिसीवर रस्त्यावरची मदत घेतलेली असेल तर तो नंबर आधीच मोबाइलमध्ये असावा. रात्री चारही इंडिकेटर आणि मागे लांबवर त्रिकोण लावावा. ओढायची वेळ आली तर दोर नको, लोखंडी बार वापरावा. बंद इंजिनच्या गाडीला ब्रेक कमी लागतो आणि दोरावरची गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळते.

सीटखाली १० आणि १३ नंबरचा पाना, जाड जंप केबल, दोन-तीन फ्यूज, एक रिले, टॉर्च आणि पॉलिश पेपरचा तुकडा असला की यातलं बरंचसं काम मेकॅनिक येण्याआधी होतं.