शंभर माणसं आणि एक शहर

आज जबलपूरबद्दल बोलू. हे तोफांचं गाव. 1904 पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि आजची 'धनुष' तोफही तिथलीच. याच गावाशी महर्षी महेश योगी यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांचा जन्म कुणी जबलपूरचा सांगतं, कुणी छत्तीसगडमधल्या पांडुक्याचा. मूळ नाव महेश प्रसाद वर्मा. अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले आणि पुढे ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य झाले. बीटल्स, ऋषिकेश, 1968 हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते सोडतो.

मला बोलायचंय ते त्यांच्या हिशोबाबद्दल. शहरातल्या 1 टक्का लोकांनी ध्यान केलं तर गुन्हे कमी होतात, हा पहिला दावा. 1976 नंतर तो आणखी पुढे गेला. प्रगत साधना एकत्र बसून केली तर 1 टक्क्याचं वर्गमूळ एवढेच लोक पुरेत! दाखला लेझरचा. एका लयीतल्या प्रकाशलहरींची तीव्रता संख्येच्या वर्गाने वाढते. हे भौतिकशास्त्र खरंच आहे. पण माणसाचं मन लहरीसारखं वागतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. 2011 च्या जनगणनेत जबलपूर शहर साडेदहा लाखांचं. त्याचा 1 टक्का साडेदहा हजार, वर्गमूळ सुमारे 103. म्हणजे एका मंगल कार्यालयात मावतील एवढी माणसं.

हसण्यावारी नेऊ नका, कारण या मंडळींनी आकडे मांडायची तयारी दाखवली. पसायदानात आपणही विश्वासाठी मागतो, पण किती जणांनी म्हटलं की फळ मिळेल, हे ज्ञानदेवांनी सांगितलेलं नाही. इथे सांगितलंय, म्हणजे तपासता येतं.

1983 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जेरुसलेममध्ये असा गट बसला. शेजारी लेबनॉन पेटलेलं. गट मोठा असलेल्या दिवसांत युद्धातले मृत्यू कमी झाले, असा निष्कर्ष 1988 मध्ये 'जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन'ने छापला. कल्पना नेहमीच्या चौकटीत बसत नाही, पण तपासणी नीट केलेली दिसते, अशा अर्थाची टीप संपादकांनी जोडली. हा मोठेपणा मला आवडतो. 1990 मध्ये त्याच नियतकालिकाने फिलिप श्रोट यांची पद्धतीवरची टीकाही छापली. माझी स्वतःची शंका साधी आहे. धुमश्चक्री कमी असलेल्या दिवशी माणसं आपसूक जास्त जमत असतील तर? मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

1993 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सुमारे 4000 साधक बसले. हिंसक गुन्हे 23 टक्क्यांनी घटले, असं जाहीर झालं. ही घट कशाच्या तुलनेत? अपेक्षित आकड्याच्या, आणि तो अपेक्षित आकडा संशोधकांनीच गणिताने काढलेला. त्या वर्षी शहरात 454 खून झाले, आदल्या वर्षी 443. प्रकल्पाचे प्रमुख जॉन हॅगेलिन यांना 1994 चं 'इग नोबेल' शांतता पारितोषिक मिळालं, म्हणजे थट्टाच झाली.

ध्यानाने बसणाऱ्याला शांत वाटतं, यावर माझा वाद नाही. पण ती शांती भिंत ओलांडून शेजारच्या गल्लीतला चाकू थांबवते, हे मला पटलेलं नाही. पटवायचं असेल तर आधी चिठ्ठ्या टाकून तारखा ठरवा. कोणत्या आठवड्यात गट बसणार, हे गुन्हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आहेतच. जबलपूरला 103 माणसं लागतील.