मस्कतच्या गादीचे दावेदार आणि आपली मुंबई

मस्कत हे नाव आपल्या वाचकांना नवीन नाही. कोकणात आणि मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांत कुणाचे मामू, कुणाचे चाचा ओमानला नोकरीला असतातच. पण ओमानच्या राजघराण्याचं मुंबईशी किती जुनं नातं आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. या घराण्यातले गादीचे दोन दावेदार मुंबईत राहून मग सुलतान झाले. एका सुलतानांचा तर इंतकालच मुंबईत झाला. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

घराणं आणि वारशाचा घोळ

घराण्याचं नाव अल बू सईद. अठराव्या शतकाच्या मध्याला अहमद बिन सईद यांनी इराणी फौजेला ओमानमधून बाहेर काढलं आणि लोकांनी त्यांना इमाम निवडलं. ओमानमध्ये इबादी मसलकाचा प्रभाव आहे. या मसलकात इमाम लायकी पाहून निवडायचा असतो, बापानंतर बेटा असा नियम नाही. पुढे मात्र सत्ता याच घरात राहिली. निवडणूक मागे पडली आणि थोरल्या मुलाचा हक्क असा कायदाही झाला नाही. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

याच घराण्यातले सईद बिन सुलतान यांनी १८०६ साली चुलतभाऊ बद्र बिन सैफ यांना ठार करून सत्ता घेतली आणि पुढे पन्नास वर्षं राज्य केलं. ओमानबरोबरच आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झांझिबारही त्यांच्याकडे होतं. त्यांचं मोठं लढाऊ जहाज 'लिव्हरपूल' १८२६ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. करी रोडहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की ही जुनी गोदी फार लांब नाही. हेच जहाज त्यांनी नंतर इंग्लंडच्या राजाला भेट दिलं.

भावाभावांचा झगडा

ऑक्टोबर १८५६ मध्ये सईद यांचा समुद्रप्रवासातच इंतकाल झाला. तेव्हा एक मुलगा सुवैनी मस्कत सांभाळत होता, दुसरा मुलगा माजिद झांझिबारला होता. सुवैनी म्हणाले, सगळं राज्य माझं. माजिद यांनी झांझिबार सोडलं नाही. १८५९ मध्ये सुवैनी जहाजं घेऊन चालून निघाले, पण मुंबई सरकारने मध्ये पडून त्यांना परत फिरवलं आणि दोघांना लवादाला राजी केलं.

त्याच वर्षी झांझिबारमध्ये तिसरा भाऊ बरगश याने माजिदविरुद्ध बंड केलं. बहीण सालमा हिनेही त्याला साथ दिली. इंग्रजांच्या मदतीने बंड मोडलं गेलं आणि बरगश यांची रवानगी मुंबईला झाली. सुमारे दोन वर्षं ते इथे होते.

वादाची चौकशी एडनचे इंग्रज अधिकारी कॉगलन यांनी केली आणि २ एप्रिल १८६१ रोजी व्हाइसरॉय कॅनिंग यांनी निवाडा दिला. झांझिबार माजिदकडे, मस्कत सुवैनीकडे, आणि माजिदने दरसाल ४०,००० क्राऊन मस्कतला द्यायचे. कागदावर दोघांचं समाधान झालं, पण एक सल्तनत कायमची दोन झाली. दोन्ही भागांवर इंग्रजांची पकड घट्ट झाली ती वेगळीच.

मुंबईत थांबलेले दावेदार

१८६६ मध्ये सुवैनी यांना त्यांच्याच मुलाने, सालिमने, ठार केलं. दोन वर्षांत सालिमलाही घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या अझ्झान बिन कैस यांनी हटवलं. सुवैनी यांचे भाऊ तुर्की या काळात इंग्रजांच्या तनख्यावर मुंबईत राहत होते. इथून निघून त्यांनी टोळ्यांची जमवाजमव केली. जानेवारी १८७१ मध्ये अझ्झान लढाईत मारले गेले आणि तुर्की सुलतान झाले. ओमानचे आजचे सुलतान त्यांच्याच वंशातले.

तिकडे १८७० मध्ये माजिद गेल्यावर बरगश झांझिबारचे सुलतान झाले. गुलामांचा व्यापार बंद करायला त्यांच्याशी बोलणी करायला आले ते बार्टल फ्रियर, म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर. १८७३ मध्ये तो करार झाला. बरगश यांचे चिरंजीव खालिद यांनी १८९६ मध्ये इंग्रजांची मंजुरी न घेता गादी घेतली. २७ ऑगस्टला इंग्रज जहाजांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि तासाभराच्या आत खेळ खलास झाला. जगातलं सर्वात छोटं युद्ध म्हणून सांगतात ते हेच.

तुर्की यांचे नातू सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये स्वतःहून गादी सोडली आणि मुलगा सईद याला दिली. १९६५ मध्ये त्यांचा मुंबईतच इंतकाल झाला.

शेवटी नियम लिहिला गेला

सईद यांना २३ जुलै १९७० रोजी त्यांचे चिरंजीव काबूस यांनी हटवलं. काबूस यांना अपत्य नव्हतं. १९९६ च्या मूलभूत कायद्यात त्यांनी तरतूद केली: घराण्याने तीन दिवसांत वारस निवडावा, नाही जमलं तर सुलतानांनी लिहून ठेवलेलं बंद पत्र उघडावं. जानेवारी २०२० मध्ये ते गेले तेव्हा घराण्याने थेट पत्रच उघडलं. त्यात चुलतभाऊ हैसम बिन तारिक यांचं नाव होतं, म्हणजे मुंबईत वारलेल्या तैमूर यांचे नातू. कुठे गोळी चालली नाही. पुढच्याच वर्षी हैसम यांनी युवराजाची तरतूद कायद्यात आणली. गादी सुलतानांच्या थोरल्या मुलाकडे जाईल, हे आता लेखी आहे.

आपल्यासाठी यात काय?

घर, जमीन, पैसा यांचे हिस्से शरियतने ठरवून दिलेत. पण अधिकाराचे हिस्से होत नाहीत, तो कुणाला द्यायचा हे आधी ठरवावं लागतं. सुलतान सईद यांनी ते पक्कं केलं नाही आणि भावाभावांचा फैसला परक्या व्हाइसरॉयने केला. आपल्याकडे मशिदीचा ट्रस्ट, दर्ग्याची मुतवल्लीगिरी, शाळेची संस्था इथे हेच घडतं. मोठे हयात असतात तोवर कुणी विषय काढत नाही, आणि ते गेल्यावर दोन्ही गट कोर्टात उभे राहतात. आम्हाला वाटतं, पुढचा माणूस कोण आणि तो कसा निवडायचा, हे मोठ्यांच्या हयातीतच सगळ्यांसमोर बसून लिहून ठेवावं. ओमानच्या घराण्याला त्यासाठी पावणेतीनशे वर्षं लागली. आपल्याला एक बैठक पुरे.