विष की आजार? अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या नावामागची गोष्ट

साल 1859, लंडन. जुलाब-उलट्यांनी इझाबेला बँक्स गेली. विष घातलं म्हणून डॉ. थॉमस स्मेथर्स्टला फाशीची शिक्षा झाली! पण आर्सेनिकची चाचणीच सदोष निघाली आणि फाशी टळली. सॅम्युअल विल्क्सने तिचं आतडं तपासलं, तर आत सूज आणि व्रण. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हे नाव तिथूनच आलं.

पुढे स्वीडनच्या नॅना स्वार्ट्झ यांनी सल्फासॅलाझिन आणलं, खरं तर सांधेदुखीसाठी! 1955 मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीत कॉर्टिसोनही उपयोगी ठरलं.

आणि आपण? शौचातून रक्त पडतं, पोटात कळ येते, सारखं पळावं लागतं, तरी ‘मूळव्याध असेल’ म्हणून लाजून गप्प! डॉक्टरांना दाखवा. विल्क्सला मृत्यूनंतर दिसलं, ते कोलोनोस्कोपीत आज वेळेत दिसतं.