डॉक्टरचा नवा चेहरा

23 नोव्हेंबर 1963 रोजी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ सुरू झाली तेव्हा तिचा नायक होता एक तिरसट, लांब पांढऱ्या केसांचा म्हातारा. पोलिसांच्या निळ्या खोक्यातून काळात आणि अवकाशात भटकणारा हा परग्रहवासी बघता बघता ब्रिटिश पोरांचा शनिवार संध्याकाळचा आजोबा होऊन बसला. तीन वर्षांत ही भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळली, संवाद लक्षात राहीनासे झाले आणि नट बदलायची वेळ आली. मरणाच्या दारात पोचलेल्या डॉक्टरचं शरीर नवं होतं, ही तेव्हा निघालेली तोड आजही मालिकेची सर्वांत मोठी हुशारी मानली जाते. माझ्या मते खरी हुशारी त्या कल्पनेपेक्षा ती मुलांपुढे मांडण्याच्या रीतीत होती. बदल झाकला गेला नाही, आणि मुलांच्या मनात येणारा संशय गोष्टीतल्याच माणसांनी बोलून दाखवला.

29 ऑक्टोबर 1966 च्या भागात डॉक्टर यानाच्या जमिनीवर कोसळतो, पडदा पांढराफटक होतो आणि हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्रॉटनचा चेहरा उमटतो. त्या भागाची मूळ फीत आता सापडत नाही. हे दृश्य मात्र उरलं, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्याच कार्यक्रमात पुढे त्याचा तुकडा दाखवला गेला होता. पण महत्त्वाची आहे ती पुढच्या आठवड्यात सुरू झालेली कथा. डॉक्टरची नेहमीची अंगठी नव्या बोटात बसत नाही, गळून पडते. त्याचा साथीदार बेन ते बरोबर हेरतो आणि हा कुणीतरी तोतया आहे असं धरून चालतो. दुसरी साथीदार पॉली हिला मात्र हा आपलाच डॉक्टर वाटतो. घरोघरी भावंडांत जो वाद होणार तो लेखकांनी आधीच दोघांत वाटून दिला होता. बेनची समजूत घालायला डॉक्टर स्वतःही फारसा झटत नाही. त्याला ओळखतो तो जुना वैरी, डॅलेक! वैऱ्यानं दिलेल्या दाखल्यावर कोण शंका घेणार?

ही सगळी निव्वळ निर्मात्यांची सोय होती, असा आक्षेप घेता येईल. सोय होतीच. पण सोय याहून स्वस्तातही झाली असती. त्याच वर्षी आधीच्या एका कथेत डॉक्टर अदृश्य होतो. त्यातून बाहेर पडताना परस्पर दुसरा नट आणावा असा बेत खरोखर शिजला होता, तो बारगळला. आपल्याकडच्या मालिकांत एखाद्या सोमवारी थोरला मुलगा भलताच कुणी असतो आणि घरात चकार शब्द निघत नाही, त्यातलाच हा प्रकार झाला असता. उलट बाजूचा पुरावा 1984 चा आहे. कॉलिन बेकरचा डॉक्टर आला आणि पहिल्याच कथेत आपल्या सोबतिणीचा गळा आवळू लागला. वर्षभरातच बीबीसीनं मालिका दीड वर्ष थांबवली. त्यामागे इतरही कारणं होती, तरी चेहरा बदललेला मुलांना चालतो, भरवसा तुटलेला चालत नाही, हे त्या कथेच्या लेखकांना उमगलं नव्हतं असंच म्हणावं लागतं.

2017 मध्ये जोडी व्हिटेकर ही स्त्री डॉक्टर होणार असं जाहीर झालं, तेव्हा एक वजनदार आक्षेप घरातूनच आला. पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन म्हणाला की मुलग्यांचा एक आदर्श हातचा जातो आहे. त्याची हळहळ खोटी नव्हती. हाणामारीपेक्षा डोकं चालवणारे नायक मुलग्यांच्या वाट्याला तसे कमीच येतात. पण 1966 पासून मुलांना जी ओळख शिकवली गेली ती वागण्यावरून पटवायची होती, आणि त्या हिशेबात मिशीला किंवा वेणीला वेगळे गुण नव्हते. शिवाय आधीची पन्नासहून अधिक वर्षं मुलींनी पुरुष डॉक्टरवर जीव टाकलाच होता, तेव्हा त्यांच्या आदर्शाची चौकशी फारशी कुणी केली नव्हती.