पाहुण्याचा पैसा आणि गांवची देखरेख



आमच्या सातपाटीच्या किनाऱ्यावर संध्याकाळीं उभें राहिलें, म्हणजे एका बाजूस होड्यांच्या डोलकाठ्या दिसतात व दुसऱ्या बाजूस वाळत घातलेल्या मासळीच्या रांगा. हें गांव कोळ्यांचें आहे, पाहुण्यांचें नव्हे. परंतु दक्षिणेस माहीम ओलांडून केळव्यास गेलें, तर शीतलादेवीच्या देवळापाशीं आणि सुरूच्या बनांत सुट्टीच्या दिवशीं मुंबईकरांची दाटी असते. तेथील कित्येक घरांनीं आपल्या खोल्या पाहुण्यांसाठीं मोकळ्या केल्या आहेत. पाहुणा आला कीं त्याच्यामागून कचरा, पाण्याची ओढ आणि मोटारींची गर्दी हीं येतात. या सर्वांचा खर्च कोणीं सोसावा, आणि त्यासाठीं पाहुण्याकडून पैसा घेतला तर त्यावर नजर कोणीं ठेवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न मला सुचला तो पुस्तकांतून नव्हे. मी शिक्षक असतांना एकदां मुलांना घेऊन माथेरानास गेलों होतों. नाक्यावर माणशीं कर भरला व पावती घेतली. एका कोळ्याच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, हे पैसे जातात कुठें?" मी म्हणालों, "नगरपालिकेकडे." त्यानें लगेच विचारलें, "आणि मग?" मी कांहीं तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु त्या मुलाचें विचारणें अगदीं रास्त होतें. सातपाटीस मच्छीमारांच्या दोन मोठ्या सहकारी संस्था आहेत. सभासदांची मासळी संस्थेमार्फत विकली जाते आणि वर्षाचा हिशेब सभेपुढें ठेवावा लागतो. ज्याच्या घरीं पैशाबरोबर हिशेबहि येतो, त्याला हिशेबावांचून दिलेला पैसा चमत्कारिक वाटणारच.

यात्रेकरूवर कर बसविण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. अकबरानें हिंदूंवरील यात्राकर १५६३ त उठविला, ही गोष्ट शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असते. पुढें ईस्ट इंडिया कंपनीनें जगन्नाथपुरी, गया आणि प्रयाग येथें तो वसूल केला. पुरीस १८०६ पासून कंपनीचे अधिकारी ही वसुली पाहत असत. विलायतेंतील मिशनरी मंडळींनीं यावर मोठा गहजब केला. मूर्तिपूजेच्या पैशांत ख्रिस्ती सरकारनें भागीदार व्हावें, हें त्यांस खपेना. अखेरीस १८४० च्या दहाव्या कायद्यानें तिन्ही ठिकाणचा यात्राकर रद्द झाला. या साऱ्या वादांत सरकारच्या पापपुण्याची चर्चा पुष्कळ झाली. ज्या यात्रेकरूनें पैसा दिला त्याच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न मात्र मागें राहिला.

तो प्रश्न पुढें आणला पटकीनें. १८६६ त कॉन्स्टँटिनोपल येथें राष्ट्राराष्ट्रांची आरोग्य-परिषद भरली, आणि पटकीच्या प्रसाराचें खापर बऱ्याच अंशीं हिंदुस्थानांतील यात्रांवर फोडण्यांत आलें. सरकारची दृष्टि मग यात्रेकरूंच्या उतारशाळांकडे वळली. एकेका खोलींत दाटीवाटीनें माणसें कोंबलेलीं, हवा नाहीं, मोरी नाहीं, अशी पुरीच्या घरांची स्थिति होती. १८७१ त बंगाल सरकारनें पुरीच्या उतारशाळांसाठीं कायदा केला. घरमालकानें परवाना घ्यावा, किती माणसें ठेवावयाचीं तें परवान्यांत नमूद असावें, आणि परवान्याची फी एका निराळ्या निधींत जमा होऊन ती यात्रेकरूंच्या आरोग्यासाठीं खर्च व्हावी, अशी ती योजना होती. हाच नमुना पुढें गयेसहि लागू झाला.

आज अमेरिकेंत ज्यास टूरिझम इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे पर्यटन-सुधारणेचें क्षेत्र म्हणतात, त्याची ही जणूं आजीच होय. उतरण्याच्या जागेवर आकार, पैशाची वेगळी थैली, आणि खर्च त्याच गांवांत, हीं तिन्ही अंगें १८७१ त होतीं. उणीव होती ती एकच. थैलीची दोरी सरकारी अंमलदारांच्या हातीं होती. पैसा देणारा यात्रेकरू आणि ज्याच्या अंगणांत तो उतरे तो गांवकरी, या दोघांसहि तेथें फारसें विचारणारें कोणी नव्हतें.

आपल्या महाराष्ट्रांत पंढरपूरचें उदाहरण डोळ्यांपुढें येतें. तेथील नगरपालिका १८५५ इतकी जुनी आहे, आणि यात्राकर हें तिच्या उत्पन्नाचें एक महत्त्वाचें साधन होतें. आषाढीस गांवच्या वस्तीहून कितीतरी अधिक माणूस चंद्रभागेच्या वाळवंटांत उतरतो. त्याच्यासाठीं पाणी, झाडलोट आणि दवाखाना यांची तरतूद गांवास स्वतःच्या खिशांतून करवणार नाहीं, म्हणून कर योग्यच होता. परंतु वारकरी चार दिवसांनीं परत जातो आणि नगरपालिकेचे सभासद निवडून देतो तो गांवकरी. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानें लोकनियुक्त सभासदांचें पाऊल पुढें पडलें, हें खरें. पण मत गांवकऱ्याचें आणि पैसा वारकऱ्याचा, ही गांठ त्या ठरावानें सुटण्याजोगी नव्हती. गटार आपल्या आळींतून न्यावें कीं यात्रेकरूंच्या तळावरून, असा प्रश्न पडला असतां कोणता सभासद आपल्या मतदारास विसरेल?

माथेरानची कथा थोडी वेगळी आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब १८५० त त्या डोंगरावर चढले आणि पुढें तेथें थंड हवेचें ठिकाण वसलें. आदमजी पीरभाई यांच्या घराण्याच्या पैशानें झालेली झुकझुक गाडी १९०७ त सुरू झाली, त्यापूर्वीं दोन वर्षें, १९०५ त, तेथें नगरपालिका आली होती. गांव लहान, शेतीभाती नाहीं, कारखाना नाहीं; पाहुणा हेंच तेथील पीक. म्हणून माणशीं कर हा त्या गांवचा मोठाच आधार. मात्र पंढरपुरासारखी फारकत येथें तितकी पडत नाहीं. घोडेवाला, हॉटेलवाला आणि हमाल हे सारे पाहुण्यावरच जगतात. पाहुणा रुसला, तर मतदारहि रुसतो. देणाऱ्याचें व राहणाऱ्याचें हित जेथें असें एकमेकांत गुंतलें आहे, तेथें देखरेख आपोआप थोडी सोपी होते.

आतां आमच्याच तालुक्यांतील बोईसरकडे पाहा. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ त सुरू झालें आणि त्याच टापूंत औद्योगिक वसाहत वाढली. बोईसरच्या लॉजमध्यें उतरणारा माणूस समुद्र पाहावयास आलेला असतोच असें नाहीं. तो फिटर असेल, माल विकणारा असेल, किंवा नोकरीच्या मुलाखतीस आलेला तरुण असेल. खाटेवर कर बसविला, तर खाट कांहीं विचारीत नाहीं कीं निजणारा सहलीस आला आहे कीं पोटासाठीं. केळव्यास शोभणारा कर बोईसरास अन्यायाचा होईल. म्हणून असा कर कोठें लागावा, हें दूर बसलेल्यानें ठरविण्यापेक्षां त्या त्या गांवानें ठरविणें बरें.

आपल्या सरकारनें राहण्याच्या जागेवर कर बसविलाच नाहीं, असें मात्र नव्हे. १९८७ च्या कायद्यानें हॉटेलें व लॉज यांवर ऐषाराम-कर बसला. परंतु तो गेला राज्याच्या तिजोरींत. गांवच्या किनाऱ्याशीं त्याचें नातें बांधलेलें नव्हतें. १ जुलै २०१७ रोजीं तोहि वस्तु व सेवा करांत विरून गेला. ग्रामपंचायतीच्या हातीं १९५८ च्या कायद्यानें यात्राकराचा अधिकार ठेवला आहे. त्याचा उपयोग करावा कीं न करावा, हें त्या त्या पंचायतीनें पाहावयाचें.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानानें या गुंत्यावर एक तोड काढली. वेस्ट हॉलिवुड येथें १९८९ त अशा क्षेत्राचा आरंभ झाला आणि १९९४ च्या कायद्यानें त्यास पक्कें रूप आलें. तेथें आकार देतात हॉटेलवाले व तो पाहुण्याच्या बिलांत धरतात. ज्यांच्यावर आकाराचा निम्म्याहून अधिक भार पडणार, त्यांची संमति आल्यावांचून क्षेत्र स्थापन होत नाहीं. पैसा त्यांचें मंडळ खर्च करतें. परंतु नगरसभेपुढें दरवर्षीं अहवाल ठेवावा लागतो, मंडळाच्या सभा उघड्या असतात व कागद मागेल त्यास पाहतां येतात. मुख्य म्हणजे क्षेत्राला मुदत असते. पहिल्यानें फार तर पांच वर्षें, पुढें नवी मंजुरी मिळाल्यास फार तर दहा. मुदत संपली कीं पुन्हां सर्वांस पटवून द्यावें लागतें.

या पद्धतींतहि धोका आहेच. मंडळ हॉटेलवाल्यांचें असलें, म्हणजे पैसा जाहिरातीकडे धांवतो. झाडूवाला व किनारा मागें राहतात. म्हणून तेथें नगरसभेची जी देखरेख ठेवली आहे ती शोभेपुरती असून चालत नाहीं. सभेनें अहवाल नुसता दाखल करून घ्यावयाचा नसतो, तो वाचावयाचा असतो.

आपल्याकडे देखरेखीचीं साधनें नाहींत, असें कोणीं म्हणूं नये. स्थानिक निधीच्या हिशेबतपासणीचा कायदा १९३० पासून आहे. ग्रामसभेस घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें १९९३ त मानाचें स्थान मिळालें. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. तथापि साधन असणें निराळें व तें हातीं घेणें निराळें. मध्यंतरीं कांहीं वर्षें महाराष्ट्रांत निवडणुका लांबल्या आणि अनेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांनीं पाहिला. त्या काळांत पाहुणे येतच होते; पण प्रश्न विचारावयास सभागृहांत लोकनियुक्त माणूस नव्हता.

या इतिहासावरून माझ्या अल्प बुद्धीस चार गोष्टी सुचतात. पाहुण्याचा पैसा निराळ्या खात्यांत असावा. तो पाहुण्याच्या व त्याच्यामुळें ज्यांस ताण सोसावा लागतो त्यांच्या उपयोगीं पडावा. ज्या घरांतून तो गोळा होतो त्या घरांचीं माणसें देखरेखींत असावींत, पण एकटीं नसावींत. जाळीं विणणारा कोळी आणि किनारा झाडणारी बाई यांचाहि त्यांत आवाज असावा. आणि कराला मुदत असावी, कारण अखंड चालणाऱ्या कराचा हेतु हळूहळू विसरला जातो आणि वसुली तेवढी उरते.

माथेरानच्या नाक्यावर विचारणारा तो मुलगा आतां मोठा झाला असेल. कदाचित् त्याची स्वतःची होडीहि असेल. आज तो भेटला, तर मी सांगेन, "बाळा, पैसे कुठें जातात हें मला तेव्हां सांगतां आलें नाहीं. पण पुरी, पंढरपूर आणि माथेरान यांची गोष्ट वाचून एवढें कळलें, कीं तुझा प्रश्न ज्या गांवांत दरवर्षीं विचारला जातो, तेथेंच पैसा ठिकाणावर पोंचतो." पावती घेतल्यावर तिच्या पाठीमागचा हिशेबहि मागण्याची संवय आपण शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांनीं लावून घेतली, तर ज्या गांवीं आपण चार दिवस पाहुणे म्हणून राहतों, त्या गांवचें थोडें ऋण फिटेल.