पायऱ्यांचा दगड : ‘ट्रॅप’ची कुळकथा

तापीच्या खोऱ्यात बोदवडकडे विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या हा मऊ दगड आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण लागतो. तो फोडावा तर पुन्हा मऊ थर. कधी मधेच विटकरी पट्टाही. भूगर्भशास्त्रात या साऱ्या थप्पीला एकच नाव आहे, दख्खन ट्रॅप.

नाव ऐकून सापळा आठवतो, पण हा ट्रॅप तो नव्हे. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या काळ्या दगडाला अठराव्या शतकात तिथल्या खनिजतज्ज्ञांनी हे नाव दिलं. इंग्रजीतून ते आपल्याकडे आलं. कर्नल साइक्स यांनी १८३३ साली दख्खनच्या खडकांवर लिहिलं. तापीचं खोरं पालथं घालून ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये अहवाल दिला.

पायऱ्या का पडतात? लाव्हाचे लोट एकावर एक थिजले. लोटाचा घट्ट भाग उभा कडा होऊन टिकतो, वरचा बुडबुड्यांचा सच्छिद्र भाग झिजून उतार होतो. दोन लोटांमध्ये खंड पडला, तिथे कुजलेला दगड तांबडा झाला. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात दिसतो तो जिना आणि विहिरीच्या भिंतीतले थर, दोन्ही एकाच घडणीचे.

ही थप्पी कुठवर? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर ट्रॅप संपला; कोयनेला तो सव्वा किलोमीटरच्या आसपास भरला. त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. आणखी खालचं मोजमाप भूकंपाच्या लहरींनी केलं. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ओल्डहॅम यांनी १९०६ साली लहरींवरूनच पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचं दाखवलं. जमिनीखालचं कवच साधारण ३५-४० किलोमीटर, मग २,९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण, पुढे ६,३७१ किलोमीटरवरच्या केंद्रापर्यंत गाभा. त्याचा बाहेरचा भाग द्रव, आतला घन.

ट्रॅपचं कूळ यातल्या प्रावरणाचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याचा काही भाग वितळला आणि भेगांतून वर येऊन पसरला. तिथवर आजपर्यंत कुणाचं छिद्र पोचलेलं नाही. पण बोदवडच्या विहिरीत सुरुंग उडतो तेव्हा काठावर येऊन पडतो, तो तिथलाच ऐवज.