वैद्यकविद्यार्थी आणि तंबाखू

तंबाखूचा अपराध ज्या शास्त्रानें सिद्ध केला, त्याच शास्त्राच्या विद्यालयांत ती दीर्घकाळ मानानें नांदली. एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंतील शवविच्छेदनाच्या दालनांत प्रेतें टिकविण्याचे उपाय तोकडे होते. दुर्गंधीवर उतारा म्हणून विद्यार्थी पाइप अथवा चिरूट पेटवीत. शारीरशास्त्राच्या पहिल्या धड्याबरोबरच पुष्कळांना धूम्रपानाचीहि दीक्षा मिळे. पुढें फॉर्मॅलिन आल्यावर दुर्गंधी ओसरली. धूर मात्र राहिला.

या कथेचा सर्वांत बोलका भाग अमेरिकेंतील सेंट लुईस शहरीं, वॉशिंग्टन विद्यापीठांत घडला. १९१९ सालीं जॉर्ज डॉक या अध्यापकांनीं विद्यार्थ्यांना एका शवपरीक्षेस मुद्दाम बोलावलें. मृत्यूचें कारण होतें फुप्फुसाचा कर्करोग. हा रोग इतका दुर्मिळ, कीं पुन्हां तो जन्मांत कदाचित् पाहावयास मिळणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. त्या विद्यार्थ्यांत ऑल्टन ऑक्सनर होते. त्यांच्यापुरतें हें भाकीत सतरा वर्षें टिकलें. १९३६ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें शल्यवैद्य म्हणून काम करतांना सहा महिन्यांत त्याच रोगाचे नऊ रोगी त्यांच्यापुढें आले. सारे सिगारेटचे भोक्ते, आणि ती संवय पहिल्या महायुद्धाच्या काळांत जडलेली. ऑक्सनरांनीं दोष सिगारेटवर ठेवला.

त्यांचें हें म्हणणें हंसण्यावारी नेणाऱ्यांत सेंट लुईसच्याच विद्यापीठांतील शल्यशास्त्राचे प्राध्यापक इव्हार्ट्स ग्रॅहॅम हे होते. १९३३ सालीं कर्करोगानें ग्रासलेलें संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेंत काढून रोगी वाचविण्याचा पहिला मान त्यांचा. आणि स्वतः ते सिगारेटचे अट्टल व्यसनी. सिगारेटच्या खपाबरोबर रोग वाढला म्हणावें, तर नायलॉनच्या मोज्यांचाहि खप वाढलाच आहे, असा टोला त्यांनीं मारल्याचें सांगतात. पुढें त्यांच्याच विद्यालयांतील अर्न्स्ट विंडर हा विद्यार्थी या प्रश्नाचा शोध घेण्याची इच्छा धरून त्यांच्याकडे आला. ग्रॅहॅमांनीं होकार दिला. (स्वतःचें मत खोडून काढण्यास शिष्याला वाट करून देणारा गुरु विरळाच.) मे १९५० मध्यें गुरुशिष्यांनीं मिळून ६८४ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि ग्रॅहॅमांचाच समज खोटा ठरला. मग त्यांनीं सिगारेट सोडली. पण उशीर झाला होता. १९५७ सालीं दोन्ही फुप्फुसांत कर्करोग पसरून ते वारले. आपल्या दुखण्याची वार्ता त्यांनीं पत्रानें कळविली ती ऑक्सनरांना. १९३३ चा त्यांचा रोगी, जो स्वतः डॉक्टरच होता, त्यांच्या मागेंहि कांहीं वर्षें जगला.

ब्रिटनमध्यें रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं १९५१ सालीं थेट डॉक्टरांनाच त्यांच्या संवयी विचारल्या. चाळीस हजारांहून अधिक उत्तरें आलीं. आपल्याच व्यवसायबंधूंच्या मरणाचे आंकडे १९५४ पासून छापून येऊं लागले, तेव्हां तेथील डॉक्टर हळूहळू सिगारेट टाकूं लागले. विद्यार्थ्यांच्या बाबतींत सर्वत्र असें घडलें नाहीं. २००५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागानें दहा देशांत वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या व औषधनिर्माण या शाखांच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. पुष्कळ ठिकाणीं पांचांत एकाहून अधिक विद्यार्थी धूम्रपान करीत असल्याचें आढळलें. आणि रोग्यास हें व्यसन सोडण्यास मदत कशी करावी, याचें रीतसर शिक्षण बहुसंख्यांना विद्यालयानें दिलेंच नव्हतें.